डावा कौल

ठकुबाई लहान असताना तिची आई तिचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून ठेवायची. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची थोडी घरं होती, त्यातल्या एका घरची ही पोर. फडकं सुटलं की हात पुन्हा आपला डावाच पुढं. विळा डाव्या हातात, दगड मारायचा तो डाव्यानं, भाकरी थापायची ती डाव्यानं. आई कपाळाला हात लावायची.

"अगं डावरे, सासरी कसं व्हायचं तुजं? लोक म्हनतील, आईनं काय शिकीवलं?"

सासरी व्हायचं ते झालंच. पासली गावाच्या वर डोंगरात एक धनगरवाडा होता, तिथं तिला रायबाला दिली. उंबऱ्यावरचं माप ओलांडताना नवरीचा डावा पाय आधी पडला. साळूबाई म्हणजे थोरली जाऊ, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आली गं बाई, उलट्या पायाची आली!" बायका हसल्या. सासरा मात्र हसला नाही.

सासऱ्याचं नाव हैबती. वाड्याचा म्होरक्या तोच आणि बिरोबाचा पुजारीही तोच. माणूस कडक, पण खोटं कधी बोलायचा नाही आणि दुसऱ्याचं खोटं त्याला खपायचं नाही. सून डाव्या हातानं भाकरी वाढायला गेली की तो ओरडत नसे. ताटावरून हात मागं घ्यायचा आणि शांतपणे म्हणायचा, "सूनबाय, उजव्या हातानं." भाकरी उजव्या हातात येईपर्यंत ताटाला शिवायचा नाही. ठकुबाई वाढायला तेवढी उजवी झाली. बाकी कामाला डावीच राहिली.

धार काढायला बसली तर म्हशी लाथा झाडायच्या. सगळी माणसं ज्या अंगाला बसत त्याच्या उलट ही बसायची. मग एक म्हैस अशी निघाली की तिला दुसरं कुणी हात लावला तर ती पान्हाच चोरायची, आणि ठकुबाई बसली की भांडं भरून द्यायची. रायबा थट्टेनं म्हणाला, "तुज्यासारखीच डावरी हाय ती." ठकुबाईला ते पटलं. जनावरालाही आपलं एक अंग असतं, हे तिच्या मनात तेव्हापासून बसलं.

वाड्याच्या डोक्यावर एक उभा कडा होता. त्याला गिधाडकडा म्हणत. आता तिथं गिधाडं नाहीत, त्यांनी कड्यावर सोडलेले पांढरे ओघळसुद्धा पावसांनी धुऊन नेले. तेव्हा मात्र कड्याच्या प्रत्येक कपारीत काटक्यांची घरटी असत. ढोर मेलं की वाड्यातली माणसं ते माळावर ओढून टाकत, आणि दुपारपर्यंत गिधाडं उतरून नुसती हाडं ठेवत. कुणाला त्यांची किळस नव्हती. कड्याच्या मधोमध एक रुंद कपार होती, तिला गादी म्हणत. गादीवर जे गिधाड बसे, ते बिरोबाचं.

कुणा पूर्वजाची म्हसरं धुक्यात हरवली होती, त्यानं बिरोबाला हाक मारली, आणि गादीवरचं गिधाड उजवीकडं सुटलं. तो त्याच्या मागं गेला आणि म्हसरं सापडली. तेव्हापासून वाड्याची रीत पडली. मोठं काही ठरवायचं असलं की पुजाऱ्यानं कड्याखालच्या खडकावर उभं राहायचं, भंडारा उधळायचा आणि सवाल घालायचा. ऊन चढून वारा तापला की गिधाड कडा सोडतं. ते उजवं वळून पासलीकडं गेलं तर होकार, डावं वळून घाटाकडं गेलं तर नकार. उजवं म्हणजे पाखराचं उजवं, बघणाऱ्याचं नाही. बायकांनी खडकाजवळ यायचं नाही, ही पण रीत.

हैबतीच्या काळात कौल बहुतेक डावाच यायचा. वाडा हलवावा का? नाही. खाली गावात जमीन करावी का? नाही. लोक म्हणत, देवाला जुनं ते आवडतं. कौल काही रोज मागत नसत, वर्षा-दोन वर्षांतून एखादा. त्यामुळं कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

ठकुबाईला दोन मुलं झाली. थोरला गेनू, धाकटी बया. गेनू आज्याचा भारी लाडका. एरवी हैबतीपुढं मोठी माणसं मान वर करत नसत, आणि हे पोरगं त्याच्या खांद्यावर बसून त्याचं पागोटं वाजवायचं.

प्लेगची साथ आली त्या साली कार्तिकात गेनूचा घसा सुजला. आधी ताप, मग गिळवेना, मग श्वास घेताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वेल्ह्याला टोचणीसाठी एक डॉक्टर उतरलाय अशी बातमी होती. रायबानं काठीला घोंगडं बांधलं आणि झोळी केली. ठकुबाईनं पोराला उचललं.

हैबती दारात आडवा झाला. "कुठं निगालात?"

"येल्ह्याला, आबा," रायबा म्हणाला. "डाक्तर हाय म्हनत्यात."

"खाली पलेग हाय. एकाला वाचवाया जाशीला आनि समद्या वाड्याला घिऊन बसशीला." म्हातारा गेनूच्या तोंडाकडं बघत होता. "सकाळी कौल घेतो. देव जा म्हनला तर म्या सोता खांदा दीन."

सकाळी हैबती खडकावर गेला. ठकुबाई वाड्यात पोराला मांडीवर घेऊन कड्याकडं तोंड करून बसली. लांबूनही दिसायचं ते. ऊन चढलं. गिधाडानं गादीच्या कडेला येऊन पंख उघडले, आणि ते डावं वळून घाटाकडं गेलं.

रायबानं झोळी सोडली. घोंगडं पोराच्या अंगावर घातलं.

गेनू दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला गेला. खड्डा हैबतीनं स्वतः खणला, कुणाला कुदळ धरू दिली नाही. माती लोटून झाल्यावर तो तिथंच बसला आणि म्हणाला, "देवानं ठेवून घेतला. त्याचा त्याच्यापाशी ऱ्हाईल." ठकुबाईला रडूच येईना.

त्यानंतर तिला घर खायला उठायचं. सरपणाचं निमित्त करून ती रोज कड्याखालच्या रानात जायची. पुरुष उजाडताना गुरं घेऊन गेलेले असत, बायका शेणा-पाण्यात असत. ऊन चढायच्या वेळेला कड्याखाली असणारी ती एकटीच. मोळी बांधता बांधता मान आपोआप वर व्हायची.

गादीचं गिधाड डावं सुटलं. दुसऱ्या दिवशी डावं. वाऱ्याचं तोंड बदललं तरी डावं. आधी तिला वाटलं, देव अजून रागावलेला आहे. मग तिनं बाकीच्या कपारींकडं बघायला सुरुवात केली. खालच्या कपारीतलं एक कायम पासलीकडं वळायचं. त्याच्या शेजारचं घाटाकडं. एक म्हातारं पिसं झडलेलं होतं, ते मात्र कधी इकडं, कधी तिकडं. वारा सगळ्यांना एकच होता. कडा एकच होता. ज्याचं त्याचं अंग वेगळं होतं.

एके दिवशी ती मोळी तिथंच टाकून मटकन खाली बसली. गादीवरचं पाखरू डावरं होतं. तिच्यासारखं, तिच्या म्हशीसारखं. कुणी काही विचारलं असतं तरी ते घाटाकडंच गेलं असतं. कुणी काही विचारलं नसतं तरी.

तिनं रायबाला सांगितलं. तो आधी दाराबाहेर बघून आला. मग म्हणाला, "आबाला बोलू नगंस."

"का म्हनून?"

"पोरगं गेलंच हाय. म्हातारंबी जाईल."

न राहवून ती साळूबाईपाशी एकदा बोलून गेली. साळूबाई म्हणाली, "तू डावरी, तुला समदं डावंच दिसनार गं!" त्यानंतर ठकुबाईनं तो विषय काढला नाही. बिरोबापुढं दिवा लावायचं मात्र तिनं सोडलं नाही. तिचं म्हणणं एवढंच असे की देव देवाच्या जागी आहे, पाखरू पाखराच्या जागी. हे ती कुणाला म्हणाली नाही, मनातच म्हणायची.

बरीच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात गादी रिकामी दिसली आणि खाली दगडांत मोठी मोठी पिसं सापडली. पाऊस उलटल्यावर गादीवर नवं गिधाड आलं. हैबतीनं पहिला कौल मागितला, झऱ्यावर टाकं बांधावं का? गिधाड उजवं सुटलं. म्हाताऱ्याला हर्ष मावेना. "देव परसन्न झाला! किती वर्सांनी!" त्यानं वाड्याला गूळ वाटला. पुढचा कौलही उजवा. ठकुबाई कड्याखाली मोळी बांधायला जातच होती. नवं पाखरू रोज कुठं वळतं, ते तिनं पाहिलेलं होतं.

बया न्हातीधुती झाली आणि डोंगरापलीकडच्या मानसिंगनं तिला मागणी घातली. मानसिंग रायबाच्या वयाचा, बिजवर. खिल्लार मोठं, घर भरलेलं. त्याची पहिली बायको डोहात सापडली होती. पाय घसरला असं त्याच्या घरचे सांगत. पाणी भरायला येणाऱ्या बायका म्हणत, तिच्या पाठीवर काठीचे वळ होते. ठकुबाईच्या कानावर ते सगळं आलेलं.

"मामंजी, त्या घरात पोर द्याची न्हाई," ती दाराआडून म्हणाली. सासऱ्यापुढं एवढं स्पष्ट ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आपन कोन ठरवनारं? कौल घिऊ. देव उजवी म्हनला तर पोर उजवून टाकू."

कौल काय येणार, ते ठकुबाईला आजच ठाऊक होतं.

कौलाच्या सकाळी मानसिंग नवं पागोटं बांधून आला, बरोबर भाऊबंद. वाड्यातले सगळे पुरुष खडकापाशी जमले. भंडारा उधळला. गिधाड सुटलं आणि पिवळ्या उन्हात पासलीकडं वळलं. लोकांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं. मानसिंगनं मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात झुडपातून ठकुबाई पुढं आली. खडकापाशी बाई आली म्हणून गलका झाला. रायबा तिला मागं ओढायला धावला. तिनं त्याचा हात झटकला आणि सासऱ्यापुढं पदर पसरून उभी राहिली.

"मामंजी, माजाबी एक सवाल घाला."

"बायांनी हितं यायचं नसतं, सूनबाय."

"आले. आता आले तर इचारा. सवाल सांगते. उद्याच्याला बिरोबाला इचारा, ठकीला या कड्यावरनं लोटून द्यावं का."

साळूबाईचा नवरा म्हणाला, "याड लागलं हिला."

"उजवं गेलं तर लोटा. म्या चढून वर उबी ऱ्हाते, कुनाला वडून न्यायाला लागनार न्हाई. डावं गेलं तर तुमचा कौल खरा. मंग पोर माजी घिऊन जावा, म्या तोंडातून सबुद काडनार न्हाई."

हैबती तिच्याकडं बघत राहिला. देवाच्या नावानं घातलेला सवाल टाळणं त्याच्या रक्तात नव्हतं. "घालतो," तो म्हणाला. "देव असलं काय सांगत नसतो. डावंच जाईल."

दुसऱ्या दिवशी ठकुबाई कड्याच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. बयाला शेजारणीनं घरात कोंडून ठेवलं होतं. खाली माणसं मुंगीएवढी दिसत होती. आपण चुकलो असलो तर, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. मरणाचा नव्हे. गिधाड आज डावं गेलं तर पोर मानसिंगच्या घरी जाईल. पायाखालच्या कपारीतून पंखांचा फडफडाट आला. गिधाड बाहेर झेपावलं, थोडं खाली गेलं, वाऱ्यावर सावरलं आणि उजवं वळलं. पासलीकडं.

खालून मानसिंगचा आवाज आला. अर्धा थट्टेचा, अर्धा खरा. "कौल म्हंजी कौल, हैबतीबुवा. आता लोटा की!"

कुणी हसलं नाही. हैबतीनं हातातली भंडाऱ्याची वाटी खडकावर पालथी घातली. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "पोर द्यायची न्हाई. जावा तुमी."

ठकुबाई खाली उतरली तेव्हा माणसं पांगली होती. म्हातारा एकटाच बसलेला. ती जवळून जायला लागली तसा तो मान वर न करता म्हणाला, "पयलं गिधाड. ते डावंच जायाचं?"

ती थांबली.

"सूनबाय, खोटं सांगू नगंस. रोज डावं?"

"व्हय, मामंजी."

"कदीपासनं ठावं हाय तुला?"

"गेनू गेला, त्याच्या मागनं."

म्हातारा हाताला लागलेला भंडारा दगडाला पुसत राहिला.

बया वाचली. दोन पावसाळ्यांनी भोंगवलीकडच्या एका मेंढपाळाच्या घरी तिला दिली, आणि ती तिथं नांदली. ठकुबाईला मात्र वाड्यानं डावललं. कौल हिनं बाटवला म्हणून तिच्या चुलीतला विस्तव कुणी नेईना. साळूबाई तिला पाणवठ्यावर पाहून हंडा उचलायची. हैबतीनं पुजारीपण सोडलं नाही, पण सवाल घालायचं सोडलं. तरीही रोज ऊन चढायच्या आधी तो काठी टेकत खडकापाशी जाऊन बसायचा. भंडारा नाही, काही नाही. नुसता गादीकडं बघत बसायचा.

लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला. ठकुबाईला ठाऊक होतं तो कशाची वाट बघतोय ते. हे पाखरू एकदा, फक्त एकदा, आपली बाजू सोडून डावं वळावं. मग म्हणता येईल की पाखरू आपल्या मनानं वळत नाही, वळवणारा कुणी आहे. मग गेनूच्या वेळचा नकारही त्याचाच होता. खड्डा खणणाऱ्या हातांवर मग काही राहत नाही.

पाखरू वळलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आधी फूल पडलं, मग पडदा आला. लढाईचे दिवस होते, खाली बाजारात रॉकेल मिळेना अशी बोंब होती. त्याला दिवसाही अंधारच. तरी जायचं सुटेना. रायबा गुरांमागं, म्हणून त्याला न्यायला ठकुबाईच लागे. वाट अरुंद, उजव्या अंगाला दरी. ती त्या अंगानं चालायची आणि तो तिचा डावा हात धरून चालायचा. पहिल्या दिवशी हात धरताना तो थबकला होता.

माघातली एक सकाळ होती. थंडीनं म्हाताऱ्याचा जबडा वाजत होता. त्या दिवसांत तो भाकरीही नीट खात नसे. खडकावर बसल्यावर त्यानं नेहमीसारखं विचारलं, "सूनबाय, सुटलं का?"

"अजून न्हाई."

थोड्या वेळानं वर पंख वाजले. म्हाताऱ्यानं तोंड तिकडं केलं. "आता?"

"सुटलं, मामंजी."

"कुठं?"

गिधाड पासलीकडं वळलेलं होतं. रोजच्यासारखं. उन्हात त्याच्या पंखाखालचा फिकट रंग दिसत होता. ठकुबाईला गळ्यातल्या शिट्टीचा तो आवाज आठवला. रायबानं सोडलेली झोळी आठवली. म्हातारा तोंड उघडं ठेवून थांबला होता, बुबुळं पांढरी.

"डावं गेलं," ती म्हणाली. "घाटाकडं."

"नीट बगितलंस?"

"नीट बगितलं."

"तू खोटं न्हाई बोलायचीस. तुजं तर पोरगं गेलंय." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मंग देवाचंच व्हतं ते. गेनूचं."

"देवाचंच व्हतं, मामंजी."

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं भाकरी वाढली, डाव्या हातानं. चुकून झालं की मुद्दाम, तिलाही सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतंच. तो सगळी भाकरी जेवला. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून सांगत राहिला, गादीचं गिधाड डावं गेलं, कौल खरा हाय, आमी उगीच शंका घेतली. होळीच्या आत तो गेला.

आणि मग ठकुबाईच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. मरत्या माणसाचा शब्द होता तो, आणि हैबती कधी खोटं बोलत नव्हता. साळूबाईचा मुलगा पुजारी झाला. खडक धुतला गेला. भंडारा पुन्हा उधळायला लागला, लग्नांचा, वाटण्यांचा, आजाऱ्यांचा. आता पाखरू सगळ्याला होकार देणारं होतं, पण तेही म्हातारं होत चाललेलं. त्याच्यामागं गादीवर कुठल्या अंगाचं येईल कुणाला ठाऊक.

"म्या खोटं सांगितलं व्हतं," असं तिनं एकदा दोनदा सांगून पाहिलं. साळूबाई म्हणाली, "मेल्या सासऱ्याला आता खोटा पाडतीस व्हय गं, डावरे?"

तेव्हा तिनं बोलायचं सोडून दिलं. बिरोबापुढं दिवा लावताना ती फक्त माफी मागायची. वाड्यात कुठल्या घरी मूल खोकलं, कुणाला गिळवेना झालं, की ठकुबाई काठी आणि घोंगडं घेऊन त्या घराच्या अंगणात जाऊन उभी राहायची. काही आया पोर द्यायच्या, काही दार लावून घ्यायच्या. नेलेल्यांतली सगळीच जगली नाहीत. वाटेत एक तिच्या खांद्यावरच गेलं, आणि ते प्रेत घेऊन ती तशीच माघारी चढली.

झोळीची काठी डाव्या खांद्यावर घेऊन, तांबडं फुटायच्या आधी ती निघायची. कड्याखालच्या खडकावर कुणी भंडाऱ्याची वाटी घेऊन येण्याच्या आत, वारा तापून गादीवरचं पाखरू पंख उघडण्याच्या आत, तिला पासलीची वाट अर्धी उतरलेली हवी असे.